अकरा नंबरचा कंबरपट्टा

"उशी उचला," लोखंडे सिस्टर म्हणाल्या.

मी मान जेमतेम दोन बोटं वर केली. त्याहून जास्त हलायची मला मुभाच नव्हती. सिस्टरांनी उशीखाली हात घातला आणि एक फुगलेली पिशवी बाहेर ओढली. पिशवी खळखळली. वॉर्डातल्या जाग्या असलेल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या.

"हे काय आहे?"

"टोपणं."

"ते मलाही दिसतंय. इंजेक्शनच्या बाटल्यांची टोपणं अकरा नंबरच्या उशीखाली कशाला आली?"

शेजारच्या दहा नंबरच्या खाटेवर शबानानं चादर डोक्यावरून ओढून घेतली, पण तिची वेणी बाहेरच राहिली. वेणीत गजरा होता. एक गुलाबी, एक पांढरं, पुन्हा एक गुलाबी, असा टोपणांचा. सिस्टरांनी तो अलगद काढला आणि दोन बोटांत धरून निरखला.

"चतुराबाई!"

दारात फरशी पुसणाऱ्या चतुरामावशींना काहीच ऐकू आलं नाही. फडकं बादलीत टाकून त्या बादलीसकट बाहेर सटकल्या.

सिस्टरांनी पिशवी, गजरा आणि माझी गोधडीची सुई एका ट्रेमध्ये टाकली आणि त्या टकटक निघून गेल्या. शबानाला रडू फुटलं. मला रडू आलं नाही. रिकाम्या हातांचं आता काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. बार्शीच्या बाजारपेठेत आमचं हारफुलांचं दुकान. फुलारी हे आडनाव आणि तोच धंदा. आजूबाजूच्या गावांत कुणाचंही डोहाळजेवण असलं की फुलांचे दागिने आमच्याकडून जायचे. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, शिवाय हातात धरायला धनुष्यबाण. मला ओवायला शिकवलं माझ्या सासूबाईंनी. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांचा कंबरपट्टा म्हणजे दागिना कमी आणि नक्षी जास्त. बायका ओटीभरण झाल्यावरही तो काढायला तयार नसत.

माझं स्वतःचं मात्र काही धड होत नव्हतं. तीनदा दिवस गेले आणि तीनदा रिकामी होऊन मी घरी आले. तिसऱ्या वेळी सातवा लागला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता भीती नाही. आत्यांनी तीन दिवस खपून माझे दागिने केले. निशिगंध, अबोली, मध्ये मध्ये तांबडा गुलाब. मोठं डोहाळजेवण झालं. पाचव्या दिवशी सकाळी मी दवाखान्यात होते आणि दुपारी सगळं संपलं होतं.

त्यानंतर घरात त्यावर कुणी बोललं नाही. आत्या माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. त्या मला एका शब्दानं लागट बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे सरळ बघायच्याही नाहीत. त्यांनी कंबरपट्टा करायचंही सोडून दिलं. ऑर्डर आली तर माझ्याकडे ढकलायच्या. मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळेच. माझी कूस धरत नाही, म्हणून त्यांना त्या वस्तूचाच वीट आला. मग मीही मनाशी ठरवून टाकलं, पुन्हा कधी अंगाला फूल लावायचं नाही.

चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा आमच्या ह्यांनी, म्हणजे काशिनाथनं, मला जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "पिशवीचं तोंड सैल आहे. बाळाचं वजन वाढलं की ते उघडतं." त्यांनी टाका घातला आणि बाळंत होईपर्यंत झोपून राहायला सांगितलं. पायथ्याकडच्या खुरांखाली दोन दोन विटा लावून खाट उतरती केली. डोकं खाली, पाय वर. पंख्याकडे बघत पडायचं. आमचे हे दर रविवारी यायचे. आत्या एकदाही आल्या नव्हत्या.

पहाटे उठून पाच-पाच किलो फुलं ओवणारी मी. बाराव्या दिवशी वेड लागायची पाळी आली. त्या सकाळी सिस्टरांनी इंजेक्शनच्या बाटलीवरचं टोपण अंगठ्यानं उडवलं. टक्‌! ते माझ्या चादरीवर येऊन पडलं. जांभळं, गोल, पाकळ्या झडलेल्या शेवंतीएवढं. मी ते मुठीत धरलं. दुसऱ्या दिवशी पिवळं मिळालं. चतुरामावशींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, असली डबाभर फेकती मी रोज. तुला पायजेत व्हय?"

पहिला गजरा मी शबानासाठी केला. शबाना एकोणीस वर्षांची. पहिलटकरीण, आणि ब्लडप्रेशर वाढलं म्हणून तिला ठेवून घेतलेलं. माहेर लांब, इंडीच्या पलीकडे. आई आजारी, म्हणून भेटायलाही कुणी येत नसे. दिवसभर हुंदके द्यायची. गजरा माळला तेव्हा पहिल्यांदा हसली. चार दिवसांनी सिस्टरांनी तो जप्त केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाची गाडी ढकलत सिस्टर आल्या. माझ्या खाटेपाशी थांबून त्यांनी खालच्या कप्प्यातून एक पुठ्ठ्याचं खोकं काढलं आणि माझ्या उशाशी ठेवलं.

आत टोपणं होती. स्वच्छ धुतलेली, रंगांप्रमाणे कापसाच्या रिकाम्या डब्यांत वेगळी केलेली. प्रत्येकाच्या मधोमध बारीक भोक.

"काल दुपारपासून जंतुनाशकात भिजत होती," सिस्टर दुसरीकडे बघत म्हणाल्या. "भोकं मी तापल्या सुईनं पाडलीत. तुम्ही उताण्या पडून सुई खुपसत बसलात तर डोळ्यात घालाल एखाद्या दिवशी. ही बोथट सुई घ्या. राऊंडच्या वेळी एकही टोपण दिसता कामा नये. आणि पाय खाटेवरून खाली येता कामा नयेत."

"सिस्टर, गजरा..."

"तो माझ्याकडे आहे," असं म्हणून त्या बारा नंबरकडे वळल्या. त्यांच्या पांढऱ्या टोपीखाली, अंबाड्याच्या मागच्या बाजूला, गुलाबी-पांढरं काहीतरी चमकत होतं. शबानानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. हसू दाबता दाबता पोटात बाळ हललं.

त्याच दुपारी शबाना हळूच म्हणाली, "अक्का, माझा सातवा संपत आला. आमच्यात सतवासा करतात, तुमच्या डोहाळजेवणासारखा. नवे कपडे, फुलं, सगळं. आता कुठला सतवासा?"

"कुठला म्हणजे? इथंच करू," मी म्हणाले. "फुलं मी करते."

"वॉर्डात फुलं आणू देत नाहीत ना."

"आणायची कशाला? ती वॉर्डातच आहेत."

मग आठ दिवस आमच्या वॉर्डात जो धंदा चालला त्याला तोड नाही. उताणं झोपून ओवायचं म्हणजे हात सारखे वर. पाच मिनिटांत खांदे भरून यायचे. मग मी हात छातीवर टाकून पडायची आणि पुन्हा सुरू. दोन टोपणं पाठीला पाठ लावली आणि मध्ये गॉजची झालर दिली की फूल तयार. मावशींनी जुना एक्स-रे कापून मुकुटाचा सांगाडा दिला. उजेडात धरला की कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या. सिस्टरांनी मुदत संपलेले हातमोजे आणले. त्यांची बोटं कापून आत कापूस भरला तर अगदी मोगऱ्याच्या कळ्या झाल्या. मुदत संपलेलीच सलाईनची नळी वाकवून धनुष्य केलं. बाण कापसाच्या बोळ्याचा, म्हणजे कुणाला लागला तरी इजा नाही. बेडपॅन सरकवणाऱ्या आयाबायकाही आता येताजाता रंग सुचवायला लागल्या.

"मधी जांभळं घाल की गं."

"जांभळी सहाच आहेत. डॉक्टर ते औषध कुणालाच देईनात."

"मग पाडू की कुणाला तरी आजारी!" चौदा नंबर म्हणाली आणि सगळा वॉर्ड खिदळला.

कंबरपट्टा मी शेवटी घेतला. तो करताना माझे हात अडखळत होते. पण तो शबानाचा होता, म्हणून पुरा केला.

शुक्रवारी सतवासा ठरला होता. शुक्रवारी सकाळी आठलाच शबानाचं डोकं भयंकर दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डॉक्टरीणबाई धावत आल्या. ट्रॉली आली. तिला नेताना ती माझा हात सोडेना. "अक्का, अजून दोन महिने आहेत की हो!" ती म्हणत होती. मी उठून तिच्यामागे जाऊ शकत नव्हते. मी फक्त तिची बोटं दाबली.

तीन तास मावशी फरशी पुसायची सोडून दारात बसून होत्या.

अकरा वाजून गेल्यावर सिस्टर आल्या. कपाळावर घाम.

"मुलगा," त्या म्हणाल्या. "एक किलो चारशे. काचेच्या पेटीत ठेवलाय. पण रडला असा, की भूलवाले डॉक्टर दचकले. आई ठीक आहे."

वॉर्डात एकच गलका झाला. चौदा नंबरनं ताटलीवर चमचा वाजवला. मी इतकी हसले की सिस्टर ओरडल्या, "अकरा नंबर, टाका आहे तुम्हाला!"

संध्याकाळी शबानाचा निरोप घेऊन मावशी आल्या. "ती म्हनती, माझं तर झालं. आता ते समदं अक्काला घाला. तिला बी सातवाच हाय."

"नको," मी म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना, मावशी. ते खोकं खाटेखाली सरकवा."

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि खोकं सरकवलं. सिस्टर चार्ट भरत होत्या. त्यांनी ऐकलं आणि पुढचं पान उलटलं.

रविवारी चार वाजता भेटीची वेळ झाली. आमचे हे आले आणि त्यांच्या मागे, हिरव्या इरकली लुगड्यात, हातात डबा घेतलेल्या आत्या. मला उठून बसावंसं वाटलं. मी विटांमुळे तशीच पडून राहिले. डोकं खाली आणि पाय सासूच्या तोंडासमोर, मला कानकोंडं झालं.

"असू दे, असू दे," आत्या म्हणाल्या. स्टुलावर बसल्या. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग बराच वेळ वॉर्डभर नजर फिरवत राहिल्या.

"काशी म्हनत हुता," शेवटी त्या म्हणाल्या, "तू हितं दागिनं करायलीस."

मी ह्यांच्याकडे रागानं बघितलं. हे लगेच पाणी आणायला निघून गेले.

"केले होते. एका मुलीसाठी. पण ती बाळंत झाली."

"बघू."

मावशी जवळच घोटाळत होत्या. त्यांनी क्षणात खोकं ओढून आत्यांच्या पायाशी ठेवलं. आत्यांनी मुकुट उचलला, फिरवला. बरगड्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. बाजूबंद उचलला, ठेवला. कळ्या दाबून पाहिल्या. मग कंबरपट्टा हातात घेतला.

त्यांनी तो ताणून पाहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंगठा फिरवला.

"हितं चुकलीस," त्या म्हणाल्या. "तीन पदर घेतलंस, पन गाठ एकाच पदराला मारलीस. आन ही निळी वळ कुटं मधीच वळली? अशी शिकवली व्हती मी?"

"उताणी पडून केलंय, आत्या."

"मंग काय झालं. सुई कुटाय?"

मी उशाखालून सुई दिली. आत्यांनी दातानं दोरा तोडला आणि अख्खा कंबरपट्टा मांडीवर उसवला. टोपणं घरंगळून पदरात गोळा झाली. त्या ओवायला लागल्या. सव्वा वर्षात मी त्यांचे हात असे चालताना पाहिले नव्हते. आजूबाजूच्या खाटांवरच्या बायका कुशीवर वळून बघायला लागल्या. सिस्टर हातात थर्मामीटर घेऊन आल्या आणि ते कुणाला लावायचं विसरून उभ्या राहिल्या.

अर्धा-पाऊण तास गेला. अधूनमधून आत्या फक्त "हिरवं" किंवा "दोन पांढरी" म्हणायच्या आणि मावशी काढून द्यायच्या. शेवटची गाठ मारायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात थांबला. पट्टा दोन्ही हातांत तसाच धरून त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या.

"किती सैल ठिवू?"

"तुम्हाला कळतं की, आत्या."

"न्हाई कळत मला!" त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. "मागल्या वक्ताला कळलं न्हाई. पट्टा सारखा खाली सरकायला लागला तवा मी दोन गाठी आनखी मारल्या. चांगला दिसावा म्हून. आवळून बांधला मी. तू म्हनलीस बी, आत्या, जरा घट्ट हुतोय. मी म्हनलं, थोड्या वेळाचा तर परश्न हाय. आन पाच दिवसांत..." त्यांनी पदर तोंडाला लावला. "माज्या हातानं गेलं ते लेकरू. कुनाला सांगू? तुज्या तोंडाकडं बघायला तोंड ऱ्हायलं न्हाई मला."

घट्ट होतोय असं मी म्हणाले होते, हेसुद्धा मला आठवत नव्हतं. सव्वा वर्ष मी ज्या रागाला भीत होते, तो माझ्यावर नव्हताच, त्यांचा स्वतःवरच होता.

"आजी," सिस्टर पुढे आल्या. आवाज नेहमीचाच, वॉर्डभर ऐकू जाणारा. "इकडे बघा. कंबरपट्ट्यानं कुणाचं मूल जात नाही. हिच्या पिशवीचं तोंडच सैल आहे. पहिल्या दोन्ही वेळेला काय कुणी पट्टा बांधला होता?"

आत्यांनी मान हलवली. "न्हाई."

"मग? तुम्ही पट्टा बांधला नसता, तरी तेच झालं असतं. आता डॉक्टरांनी तोंडाला टाका घातलाय. थैलीला नाडी ओढतात तसा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही हे?"

पाण्याची बाटली घेऊन आलेले आमचे हे दाराशीच थिजले होते. "बाईमाणसांचं असतंय म्हणून मी... आईला काय सांगू..." ते पुटपुटले.

"नाडी?" आत्यांनी विचारलं.

"नाडी. घट्ट. ती आवळली म्हणूनच मूल आत आहे."

आत्या माझ्याकडे वळल्या. सरळ, डोळ्यांत बघून. त्यांचे डोळे वाहत होते आणि माझेही, आणि माझे उताणी असल्यामुळे दोन्ही कानांत चालले होते. मी त्यांचा हात पट्ट्यासकट धरला आणि पोटावर ठेवला. आतून एक सणसणीत लाथ बसली.

"आगं बया!" आत्यांनी हात मागे घेतला आणि पुन्हा ठेवला. "हे तर भांडखोर दिसतंय."

"बांधा आता," मी म्हणाले. "मला दागिने घालायचेत."

मग कुणी कुणाचं ऐकेना. मावशींनी मुकुट चढवला. डोकं उतारावर असल्यानं तो सारखा मागे घसरायचा, म्हणून चौदा नंबरनं तो चिकटपट्टीनं केसांना लावला. बाजूबंद झाले, वेणी झाली. कंबरपट्टा आत्यांनी स्वतः बांधला, दोन बोटं आत जातील इतका सैल, आणि बोटं तीन-तीनदा घालून पाहिली. ओटी भरायला नारळ नव्हता, तर सोळा नंबरनं मोसंबं दिलं. खाटांवरच्या बायकांनी पडल्यापडल्या डोहाळे म्हटले. प्रत्येकीच्या गावची चाल वेगळी, त्यामुळे एकच गाणं सहा तऱ्हांनी चाललं होतं.

"वाट्या कुटायत?" मावशींना आठवण झाली. "पेढा का बर्फी? पोरगा का पोरगी वळखायचं न्हाई व्हय?"

सिस्टरांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, असं तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं.

"माझ्या वॉर्डात नियम म्हणजे नियम. दोन्ही वाट्यांत एकच वस्तू ठेवा."

आत्यांच्या डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. दोन्ही वाट्यांखाली लाडू ठेवले. मी एक वाटी उघडली आणि सगळा वॉर्ड ओरडला, "लाडू!" पोट धरून हसायची सोय नव्हती म्हणून मी मुठी आवळून हसले.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई दारात आल्या. त्यांना दिसलं ते असं: अकरा नंबरची पेशंट, पाय वर, डोकं खाली, डोक्यावर बरगड्यांचा मुकुट, आणि हातातल्या धनुष्यानं त्यांच्यावरच नेम धरलेला.

"हा सलाईनचा सेट कुठला?" त्यांनी विचारलं.

"मुदत संपलेला, मॅडम," सिस्टर ताठ उभ्या राहून म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई जवळ आल्या. पट्टा निरखून बघितला. त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले. "ही जांभळी... ही मी लिहून दिलेली इंजेक्शनं ना?"

"व्हय," मावशी म्हणाल्या. "आनखी जरा लिवा की. कमी पडायलीत."

सहाला भेटीची वेळ संपली. आमचे हे म्हणाले, "चला आई, गाडी चुकेल."

आत्या स्टुलावरून हलल्या नाहीत. पदरात उरलेली टोपणं निवडत होत्या. "तू जा. दुकान बघ. ह्या कोपऱ्यातल्या बाईला कितवा चाललाय, ते इचारून येते मी जरा."

त्या नऊ आठवडे माझ्यापाशी राहिल्या. त्या काळात आमच्या वॉर्डातून बाळंत व्हायला गेलेल्या अकरा बायकांच्या अंगावर आत्यांच्या हातचा काही ना काही दागिना होता. शबानाचं पोर पेटीतून बाहेर आलं तेव्हा त्याच्या पायात पिवळ्या टोपणांचा वाळा होता. आत्या मला हाक मारून मारून रंग विचारायच्या. आणि मी झोपलेली असले की पांघरुणावरून पोटाशी बोलायच्या, हे मला मावशींनी नंतर सांगितलं.

नववा लागल्यावर टाका काढला. त्यानंतर सहाव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मला कळा सुरू झाल्या आणि दुपारी मी बाळंत झाले. आतून मला दाराबाहेरचं सगळं ऐकू येत होतं. लोखंडे सिस्टर बाळाला गुंडाळून बाहेर घेऊन गेल्या.

"आजी, मुलगी आहे."

आत्या काही म्हणाल्या नाहीत. मी दाराकडे कान लावला. मग कापड सोडल्याचा आवाज आला.

"आजी! गार लागेल तिला. काय करताय?"

"बोटं बघायलेय," आत्या म्हणाल्या. "लांब हायत. सुईवर चालतील."

"आधी वजन तर करू द्या!" सिस्टर ओरडल्या, आणि माझी लेक त्या दोघींच्याही वरच्या पट्टीत रडायला लागली.